घुंगराची गाठ

गेल्या दिवाळीत माझ्या मुलानं, सुहासनं, ऑनलाइन एक वस्तू मागवली. काडेपेटीएवढी डबी आणि तिला बारका लाल दिवा. समुद्राकाठी गळ टाकून बसलं की ही डबी काठीला अडकवायची. माशानं तोंड लावलं की ती पिपाणीसारखी ओरडते आणि दिवा लागतो म्हणे. बँकेतली नोकरी, घर कोल्हापुरात, आणि नाद समुद्रातल्या माशांचा! माझ्या वडिलांचं, आप्पांचं रक्त, दुसरं काय. दोन शनिवार तो डबी घेऊन रत्नागिरीच्या बाजूला गेला आणि दोन्ही खेपांना हात हलवत परत आला. मग सोफ्यावर आडवा पडून मोबाइलवर व्हिडिओ बघत बसला. किनाऱ्यावरनं गळ टाकणाऱ्यांचे मासे का निसटतात, ते एक टोपीवाला गोरा माणूस समजावून सांगत होता. मी शेंगा निवडत होते. म्हटलं, "बंद कर ते. तुझी डबी वाऱ्यानंच ओरडत असणार, आणि पाच-सहा वेळा उगंच पळून आल्यावर तू तिच्याकडं बघायचं सोडलं असणार." तो उठूनच बसला. "तुला कसं कळलं गं?" शेंगांचं सूप उचललं आणि आत गेले.

कसं कळलं ते आता लिहिते. माणसाच्या तोंडावर सांगायचं धाडस मला उभ्या जन्मात झालं नाही. कागद बरा. तो मान वर करून आपल्याकडं बघत नाही.

उद्यमनगराच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. आप्पा, आई आणि मी, एवढंच घर. आजूबाजूला सगळी कारखान्यांची शेडं. सकाळी भोंगा झाला की लेथची किरकिर सुरू व्हायची, ग्राइंडरचा चरचराट चालायचा, आणि दुपारी भट्टीचा जळका वास थेट आमच्या ताटापर्यंत यायचा. धुणं वाळत घालावं तर दोरीवरच त्याला काळी पूड बसायची. आई ते झटकता झटकता सगळ्या कारखानदारांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आप्पा हॅमरवर कामाला होते. तापलेल्या लोखंडावर यंत्राचा घण आदळायचा, पायाखालची जमीन हादरायची, आणि आप्पा त्याच्या शेजारी दिवसाचे आठ तास उभे. कानात कापसाचा बोळा घालावा हे त्या काळात कुणाला सुचलंही नाही. मी सातवीत जाईपर्यंत आप्पांच्या कानांची पार वाट लागली. मग आमच्या घरात सगळं बोलणं ओरडूनच. आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा अख्ख्या गल्लीला कळायचं. नवे भाडेकरू आले की पहिले चार दिवस त्यांना वाटायचं, हितं रोज भांडणं चालतात. पाचव्या दिवशी तेही ओरडून बोलायला लागायचे.

आई शाहूवाडीकडची. माहेरी भाताची शेती, त्यामुळं भातावर तिचा जीव. पण भाकरी अशी करायची की बघत बसावं. काटवटीवर तिची थाप पडायला लागली की मला जाग यायची. थप थप थप, मग एक क्षणभर थांबायची, मग तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र आवाज. आप्पांना ती थाप ऐकू यायची नाही, पण चुलीजवळ बसले की जमिनीतनं कळते म्हणायचे. तळहात जमिनीवर टेकवून म्हणायचे, "हां, तिसरी झाली." आई हसायची. "कान गेलं, पर पोटाचं ध्यान हाय हं!"

आप्पांना एकच नाद होता, गळाचा. लहानपणी पंचगंगेवर शिकले, पुढं रंकाळ्यावर बसले, आणि एकदा कुणाबरोबर तरी कोकणात उतरले ते त्या खाऱ्या पाण्याला जे चिकटले ते चिकटलेच. महिन्या-दोन महिन्यांतनं एकदा सुट्टी साधून निघायचे. बरोबर भट्टीवर काम करणारे दगडूतात्या आणि त्यांचे दोघे-तिघे सोबती. आणि मी. कंडक्टर काय बोलतो ते आप्पांना कळायचं नाही, म्हणून मी त्यांचे कान. गल्लीतल्या बायका आईला म्हणायच्या, "अगं, पोरीच्या जातीला कशाला पाठवतीस समुद्राला?" आई म्हणायची, "पोरगी न्हाय गेली तर ह्यो माणूस रत्नागिरीत उतरायच्या ऐवजी मुंबईला जाऊन उतरंल!" आणि भाकऱ्या, खरडा, कांदा आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधून द्यायची. मलकापूरच्या स्टँडवर गरम भजी खायची, आंब्याच्या घाटात मला मळमळायचं, आप्पा लिंबू पुढं करायचे. तेवढ्यात खालचा दमट वारा तोंडाला लागायचा.

आता आमच्या कोल्हापूरच्या माणसांची गंमत सांगते. गंमत कसली, खोडच ती. नदीवर गळ टाकायची आमची रीत अशी की काठी काठावर रोवायची, शेंड्याला बैलाच्या माळेतलं एक पितळी घुंगरू बांधायचं, आणि खुशाल गप्पा ठोकत बसायचं. नदीचं पाणी शांत. मासा लागला तरच घुंगरू वाजतं, एरवी गप. हीच रीत आमच्या लोकांनी उचलली आणि समुद्राला नेऊन लावली! वाळूत पाच काठ्या ओळीनं रोवल्या, पाच घुंगरं बांधली, आणि तीन दगडांची चूल मांडून मटण शिजत घातलं. समुद्र काय नदी आहे? लाट आली की तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ओढला जातो, वारा आला की काठीचा शेंडा हलतो. सगळी घुंगरं एकदमच वाजायला लागायची. पहिला अर्धा तास हे सगळे "आला, आला!" करत काठ्यांकडं पळायचे. पुढच्या अर्ध्या तासात एकटा जायचा. नंतर घुंगरू कितीही वाजो, कुणी मान वळवायचं नाही. रस्सा चाटून झाल्यावर तंगूस गुंडाळून बघावं तर गळ धुतल्यासारखा मोकळा, आमिषाच्या कोळंबीचं साल तेवढं चिकटलेलं. दगडूतात्या कमरेवर हात ठेवून समुद्राला शिव्या द्यायचे. "मासाच न्हाय हितं. कोकण्यांनी समदा खाल्ला!"

आप्पा म्हणायचे, "मासा हाय. तुमचं ध्यान न्हाय."

त्यांच्याही काठीला घुंगरू होतं, पण ते आपलं सवयीनं. त्यांना ते ऐकू येणारच नव्हतं, म्हणून त्यांनी दुसरी तऱ्हा काढली. काठी रोवायची नाही, हातात धरायची, शेंडा उंच ठेवायचा म्हणजे तंगूस लाटांच्या वरनं जातो. आणि तंगूस उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर घ्यायचा. लाटेची ओढ लांबलचक असते, हळूहळू येते आणि हळूहळू जाते. खेकडा कुरतडतो तो बारीक. मासा हिसका देतो, आणि बहुतेक माणसं त्या पहिल्या हिसक्यालाच काठी खेचतात नि त्याच्या तोंडातनं घास काढून घेतात. हे सगळं त्यांनी मला बोटावर शिकवलं. आणि गाठ शिकवली. तंगूस बुळबुळीत असतो, त्याची साधी गाठ सरकते. आप्पा दोन वेढे जास्त द्यायचे, तोंडात धरून थुंकीनं ओली करायचे, मग आवळायचे, आणि उरलेल्या टोकाला जळती काडी लावायचे. टोक वितळून मोहरीएवढा काळा मणी व्हायचा. तो मणी असला की गाठ सरकायचं नावच नको. "माझी गाठ सुटली तर नाव बदलीन," असं म्हणायचे. एरवी फुशारकी मारणारा माणूस नव्हे, पण गाठीचं मात्र त्यांना भारी होतं.

एका खेपेला त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि बिडी ओढायला मागं बसले. बराच वेळ लाटांची ओढ लागत होती, अन् एकाएकी बोटावरचा ताण गेला. तंगूस ढिला पडला, पाण्यावर लोळायला लागला. मला वाटलं गळाच्या वजनाचं शिसं निसटलं असणार, आता काय उरलंय. मी हात हलवून त्यांना ओरडून सांगितलं, "आप्पा, तुटलं!" त्यांनी तंगुसाकडं बघितलं मात्र, बिडी टाकली, काठी हिसकावून घेतली आणि रीळ फिरवत वाळूवर मागं मागं पळत सुटले. मला कळेना ह्यांना काय झालं. आणि मग तो ढिला तंगूस ताठ झाला. हातभर लांबीचा रावस होता. आप्पांनी तो वाळूवर ओढला, दम खात बसले आणि मला म्हणाले, "ओढतोय तंवर मासा लांब हाय, पोरी. ढिलं पडलं की समजायचं, तोंडात घिऊन तुझ्याकडंच यायला लागलाय. समदी हितंच फसत्यात. गप झालं की त्यास्नी वाटतं, काय न्हाय." दगडूतात्या तोंड वासून बघत होते. घरी आईनं त्या रावसाचा मटणासारखा तांबडा रस्सा केला. कोकणातल्या माणसानं खाल्ला असता तर रडला असता. आम्ही तिघांनी पातेलं पुसून खाल्लं. त्यानंतर तसं जेवण आमच्या घरात झालं नाही.

मी बारावीला होते. सकाळी वेणी घालत होते आणि आई आत भाकऱ्या करत होती. थाप थांबली ते माझ्या ध्यानातच आलं नाही. करपल्याचा वास आला तेव्हा मी ओरडले, "अगं, लक्ष कुठं हाय तुजं?" आत जाऊन बघते तर आई चुलीपुढं कलंडलेली, पिठाचा हात तसाच. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. महिनाभर दवाखान्यात काढला. घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवून बजावलं, "गिळायला त्रास होणार. भरवताना बसवून भरवायचं, आणि भरवल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. श्वासात अडकलं तर धावाधाव करायलासुद्धा वेळ मिळणार नाही." मी मान हलवली. चांगली हलवली. ते वाक्य मला आजही शब्दाला शब्द पाठ आहे.

आप्पांना कामावर जाणं भाग होतं. कॉलेज मी सोडलं. म्हणजे सोडायला कुणी सांगितलं नाही, पण दुसरं कोण होतं? आईला हाक मारता येत नव्हती आणि मला स्वयंपाक, धुणं, पाणी सगळं मागच्या दारी करायचं. तेव्हा आप्पांनी काठीचं घुंगरू सोडलं. आईच्या डाव्या मनगटात तंगुसाचा सैलसर फास घातला, तंगूस भिंतीवरच्या दोन खिळ्यांवरनं नेला आणि मागच्या दाराच्या चौकटीला वर घुंगरू टांगलं. नेहमीसारखी गाठ मारली, तोंडात धरून ओली केली. आईनं हात जरासा हलवला की घुंगरू वाजायचं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा आई अर्ध्या तोंडानं हसली. आप्पांना ते ऐकू आलं नाही, पण त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांना कळलं. रात्री ते तोच तंगूस स्वतःच्या बोटाला बांधून तिच्या शेजारी झोपायचे.

पहिला महिना मी प्रत्येक वेळी पळत जायची. आमच्याकडं बायका-पोरीही "आलो, गेलो"च म्हणतात, तसं "आलो की, आलो!" म्हणत मी हातातलं टाकून आत. माशी बसली म्हणून घुंगरू. उशी सरकली म्हणून घुंगरू. कूस बदलताना हात हलला तरी घुंगरू. कधी जाऊन बघावं तर काहीच नको असायचं, नुसती माझ्याकडं बघायची. तिला कुणीतरी दिसायला हवं असायचं, दुसरं काय! हे मला आता कळतं, तेव्हा मला राग यायचा. अठरा वर्षांची मी, माझ्या बरोबरीच्या पोरी सायकली काढून कॉलेजला चाललेल्या, आणि माझ्या कपाळी हे घुंगरू. लिहायला लाज वाटते, पण लिहिते: मला त्या आवाजाची किळस यायला लागली होती. तिसऱ्या महिन्यात मी पळायचं सोडलं. पाचव्या महिन्यात दोनदा-तीनदा वाजल्यावर मग उठायची. वारा आला तरी ते वाजायचं, मांजर तंगुसाला घासून गेलं तरी वाजायचं. मी वाळूतल्या दगडूतात्यांसारखी झाले होते आणि मला ते कळलं नव्हतं. मला! जिला बापानं बोटावर तंगूस ठेवून शिकवलं होतं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला माझी मैत्रीण सुनंदा आली. कॉलेजचं गॅदरिंग झालं होतं, त्याच्या गमती सांगायला. मी आईला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होते. चार घास राहिले होते ते घाईघाईनं भरवले, तोंड पुसलं, आणि आडवं केलं. अर्धा तास बसवायचं होतं. मला माहीत होतं. पाठीला लोड लावून, हाताला आधार देऊन बसवायला पाच मिनिटं जातात, आणि सुनंदा मागच्या पायरीवर बसून हसत होती. मी म्हटलं, आज एक दिवस काय होतंय. आणि मागं गेले.

नाटकात कुणाची मिशी कशी पडली ते ती सांगत होती. घुंगरू वाजलं. मी म्हटलं, "आलो." पुन्हा वाजलं, जोरात, लागोपाठ. सुनंदा म्हणाली, "अगं, जा की." मी ओरडले, "जरा दम काढ की गं आई! आत्ताच तर आलोय!" तसं ते आणखी एकदा वाजलं. बारीक. मग थांबलं. मी सुनंदाला म्हटलं, "बघ, हाय का न्हाय? काय न्हाय, नुसतं बोलवायचं असतंय तिला. आता झोपली." आणि आम्ही बोलत बसलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की शेडातली लाइट गेली होती, लेथ बंद पडले होते, आणि मला फार बरं वाटत होतं. किती दिवसांनी कानाला आराम, असं मी तिला म्हटल्याचंसुद्धा आठवतं. वर बघितलं असतं तर तंगूस दिसला असता. खिळ्यावरनं लोंबत होता, ढिला.

मी आत गेले तेव्हा सगळं संपलं होतं. आईची मान उशीवरनं खाली कलंडली होती, ओठ निळे, तोंडातनं दूध आणि भाकरीचा चोथा गालावर आला होता. मी किंचाळले. शेजारच्या बाया धावल्या, कुणीतरी शेडात निरोप दिला. सुनंदा दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि चप्पल घालून गेली. पुन्हा कधी आमच्या घरी आली नाही. पुढं तिला पेठ वडगावात दिली. एका लग्नात भेटली तेव्हा आम्ही सगळ्या जगाचं बोललो आणि हे सोडून दिलं.

आप्पा आले ते हॅमरवरच्या काळ्या कपड्यांतच. बायांनी आईला खाली घेतलं होतं. ते तिच्याजवळ बसले. मग तिचा डावा हात त्यांनी उचलला. मनगटावर तंगूस रुतून लाल वळ उठला होता, खोल. मी तो आधीच बघितला होता. आप्पांनी फास कापला आणि हात तिच्या पदराखाली सारला. मग माझ्याकडं वळून, ते नेहमी बोलायचे तसे ओरडून म्हणाले, "घुंगरू वाजलं न्हवतं?"

मला तोंडानं खोटं बोलावं लागलं नाही. बहिऱ्या माणसाला मान हलवली तरी पुरते. मी मान हलवली, नाही म्हणून.

ते क्षणभर बघत राहिले. मग उठले, मागच्या दारी स्टूल ओढलं, वर चढले, चौकटीजवळ डोळे नेऊन बघितलं. खिशातला चाकू काढला, तंगूस कापला आणि घुंगरू खिशात टाकलं. मी वर बघितलं नाही. खाली उतरून ते सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाठ सरकली. कोरडीच आवळली हुती मी. घुंगरू वाजणार कुठनं? पोरीची काय चूक न्हाय, माझी हाय."

आणि मला काय वाटलं, सांगू? सुटले, असं वाटलं. आई समोर पडलेली, आणि मला हायसं वाटलं. त्या क्षणासाठी मी स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि करणारही नाही.

बाराव्या-तेराव्यानंतर आप्पांनी काठ्या, रीळ सगळं दगडूतात्यांना देऊन टाकलं. तात्या म्हणाले, "आरं, असं काय करतोस? दिवस घालवायला तरी चल की." आप्पा म्हणाले, "ज्येला साधी गाठ मारता येत न्हाय त्यानं गळ टाकू ने." ही गोष्ट तात्यांनी सगळ्या शेडात केली. लोक हळहळायचे, बिचाऱ्याची एक गाठ चुकली नि बायको गेली. नंतर नंतर कुणी थट्टाही करायचं, दोरी बांधायची असली की, "आप्पाला नको देऊ रं!" मी हे कानांनी ऐकलं आहे. आप्पांना ऐकू येत नव्हतं असं मी स्वतःला समजावायची. पण लोकांच्या तोंडाकडं बघून त्यांना सगळं कळायचं, हेही मला माहीत होतं.

माझं लग्न झालं, सुहास झाला. आप्पा थकल्यावर आमच्याकडंच राहायला आले. एकदा आम्ही सगळे गाडी करून रत्नागिरीला गेलो. त्याच वाळूवर मी त्यांना हाताला धरून नेलं. आमचे मालक आणि सुहास पाण्याकडं गेले, आम्ही दोघंच उरलो. कडेला कुणीतरी काठ्या रोवून पत्ते खेळत बसलं होतं. आप्पा त्या काठ्यांकडं बघत होते. मी ठरवलं, आता सांगायचं. त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं आणि म्हटलं, "आप्पा, त्या दिवशी घुंगरू वाजलं हुतं." लाटांचा केवढा आवाज होता. त्यांनी माझ्याकडं मान वळवली नाही. म्हणाले, "काय म्हणलीस?" पुन्हा बोलायला माझी जीभ उचलली नाही. म्हटलं, "काय न्हाय. चहा आणू का?" ते म्हणाले, "आण की." आणि मी पळत गेले, चहाला. त्यानंतर दोन वर्षांनी आप्पा वारले. दवाखान्यात त्यांनी माझा हात धरला होता, तेव्हाही मी बोलले नाही.

दिवाळीतली ती डबी सुहासनं अखेर फेकून दिली. व्हिडिओ बघून की माझं ऐकून, कोण जाणे. मला म्हणाला, "आई, आप्पांचं जुनं शिसं असंल बघ कुठंतरी. हल्लीची वजनं वाहून जातात." काठ्या तात्यांकडं गेल्या होत्या, पण आप्पांची कामावरची पत्र्याची पेटी माळ्यावर होती. त्यांच्यामागं मी ती कधी उघडली नव्हती. सुहासनं ती खाली उतरवून दिली आणि तो बाहेर गाडी पुसायला गेला. मी फरशीवर बसून उघडली. पाने, पक्कड, गंजलेली फूटपट्टी, आईचा एक फोटो. आणि तळाला, डॉक्टरच्या चिठ्ठीच्या कागदात गुंडाळलेलं ते घुंगरू.

त्याच्या कडीत वीतभर तंगूस अजून होता. आणि गाठ होती. दोन जास्तीचे वेढे, एकावर एक आवळलेले. टोकाला काडीनं भाजून केलेला मोहरीएवढा काळा मणी. मी चष्मा पुसून बघितलं. मग ओढलं. बोटाला गुंडाळून ओढलं, पायाखाली धरून ओढलं, बोटाला कापलं तरी ओढलं. गाठ केसभरही हलली नाही. इतक्या वर्षांत तंगूस पिवळा पडला होता, पण गाठ जशीच्या तशी होती.

म्हणजे स्टुलावर चढले तेव्हाच त्यांना कळलं होतं. त्याआधी मनगटावरचा वळ बघितला होता त्यांनी. तिनं जिवाच्या आकांतानं ओढलं होतं, गाठ शाबूत होती, म्हणजे घुंगरू वाजलं होतं. मग खाली उतरून त्यांनी चारचौघांत आपलं नाव बदलून घेतलं. पुढं सगळा जन्म मी त्यांना फसवते आहे असं समजत राहिले, आणि ते मला तसं समजू देत राहिले. वाळूवर "काय म्हणलीस" म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना ऐकू गेलं नव्हतं, की मला पुन्हा बोलायला लावायचं होतं? विचारायला आता कोण आहे.

बाहेरनं सुहासनं हाक मारली, "आई, सापडलं का गं?" मी गाठ अजून ओढतच होते आणि हातातलं घुंगरू वाजत होतं. "आलो की," म्हटलं, आणि तिथंच बसून राहिले.